जुन्या गाडीच्या रंगावर परमनंट मार्करचा डाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा त्याहून म्हातारी एखादी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि बॉनेटवर कुणीतरी काळ्या मार्करने आपलं नाव लिहून ठेवलंय. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यात हे नेहमीचंच. नव्या गाडीवर हा डाग दोन मिनिटांत निघतो, आणि तिथेच घोटाळा होतो. तीच युक्ती चाळीस-पन्नास वर्षांच्या रंगावर केली की डागाबरोबर रंगही निघून येतो. खालची उत्तरं जुन्या रंगाचा विचार करून लिहिली आहेत.

डाग आत्ताच दिसला. आधी काय करू?

गाडी सावलीत घ्या आणि हात खिशात ठेवा. मार्करची शाई म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंजक आणि थोडं रेझिन (राळेसारखा चिकट घटक). अल्कोहोल मिनिटाभरात उडून जातं, म्हणजे तुम्ही पाहिलंत तेव्हा डाग वाळलेलाच असतो. तासा-दोन तासांनी फरक पडत नाही. तापलेल्या पत्र्यावर चार दिवस राहिला तर मात्र रंजक आत उतरायला लागतो. शर्टाच्या बाहीने किंवा धूळपुसणीने कोरडं घासू नका. डाग हलणार नाही, पण पार्किंगमधल्या धुळीने ओरखडे नक्की उठतील, आणि ते काढणं डागापेक्षा अवघड.

माझ्या गाडीवर कोणता रंग आहे, हे कसं ओळखायचं?

सगळं याच उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

पहिली चाचणी पॉलिशची. डाग असलेल्याच भागाच्या खालच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पांढऱ्या सुती कापडावर थोडं पॉलिश घेऊन दहा हात फिरवा. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही, रंगच उघडा आहे. कापड जवळपास पांढरंच राहिलं तर वर क्लिअर आहे, म्हणजे गाडी नंतर कधीतरी पुन्हा रंगवलेली आहे.

दुसरी चाचणी थिनरची. इअरबड एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवा, नीट निथळू द्या आणि न दिसणाऱ्या जागी पाच सेकंद टेकवा. रंग लगेच विरघळून बडवर आला, तर तो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे जुन्या पेंटरांचा खरा 'ड्युको'. रंग मऊ पडला किंवा त्याला सुरकुत्या आल्या, तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही, तर हार्डनर घालून मारलेला टू-के, ज्याला आपल्याकडे सगळे 'पीयू' म्हणतात.

एक खाच लक्षात ठेवा. 'न दिसणारी जागा' म्हणून लोक डिकीच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या बिजागरापाशी चाचणी घेतात. गाडी बाहेरून पुन्हा रंगवली असेल तर तिथे जुना रंग तसाच असतो, आणि चाचणी भलतंच उत्तर देते. शिवाय अशा गाड्यांचं एक मडगार्ड कधीतरी बदललेलं असतं, दुसऱ्यावर ठिगळ असतं. बॉनेटवर डाग असेल तर चाचणी बॉनेटवरच, मागच्या ओठाशी, जिथे वायपरखालची जाळी येते तिथे.

पेंटर म्हणतो, 'वर लॅकर मारलंय'. म्हणजे तो नायट्रोसेल्युलोज का?

बहुतेक वेळा नाही. आपल्या गॅरेजांत 'लॅकर' म्हणजे वरचा क्लिअर कोट, आणि 'ड्युको' म्हणजे गनने मारलेला कोणताही रंग. ड्युको हे मुळात ड्यूपॉंट कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं व्यापारी नाव. ते इथे इतकं रुळलं की कपाटं रंगवणाराही ड्युको पेंटर झाला. तेव्हा शब्दावर जाऊ नका. 'हार्डनर घातला होता का?' एवढं विचारा. हो म्हणाला तर तो टू-के.

सामान काय लागेल आणि कुठे मिळेल?

आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मेडिकलमध्ये ७० टक्के तीव्रतेचं मिळतं. ९९ टक्क्यांचं हवं असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, सर्किट बोर्ड साफ करायला तेच वापरतात. 'सर्जिकल स्पिरिट' घेताना लेबल वाचा. काहींत एरंडेल किंवा वासाचं तेल असतं, ते रंगावर पातळ थर सोडतं. रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ, अर्धा लिटर. पेट्रोल पंपावरून किंवा बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके काढायचं आणखी एक काम मागे लावून घेऊ नका.

शिवाय मायक्रोफायबरचे चार-पाच नवे तुकडे, इअरबड, मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे, बारीक पॉलिश आणि साधं कारनौबा मेण. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपाउंड खरबरीत असतं आणि सुरुवात कधीही त्याने करायची नाही. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं 'पॉलिश द्या' म्हटलंत तर कंपाउंडचा डबा हातात पडू शकतो. झाकण उघडून बोटांत चोळून बघा, कण जाणवले तर परत द्या.

आयपीए किती पातळ करायचं?

इनॅमलवर २० टक्के. २० मिली ७० टक्क्यांच्या आयपीएत ५० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं की बरोबर २० टक्के होतं. ९९ टक्क्यांचं असेल तर १० मिलीत ४० मिली पाणी.

पूर्ण सुकलेल्या टू-के रंगावरही सुरुवात २० नेच करा. भागलं नाही तर ५० मिलीत २० मिली पाणी, म्हणजे ५० टक्के, आणि शेवटी नुसतं ७० टक्के, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

नायट्रोसेल्युलोजवर आयपीए अजिबात नको, पातळ केलेलंही नको. अल्कोहोल एकट्याने तो रंग पटकन विरघळवत नाही, पण मऊ पाडतं, आणि मऊ पडलेल्या रंगात शाई आणखी खोल शिरते. त्या गाडीला एमटीओ आणि पॉलिश एवढंच.

आता नेमकी पद्धत सांगा.

सकाळी, पत्रा हाताला गार लागत असताना सुरू करा. तेवढा भाग शॅम्पूने धुऊन कोरडा करा. डागाच्या चारही बाजूंनी दोन बोटं जागा सोडून मास्किंग टेप लावा. जुन्या रंगावर टेप नखाने दाबायची नाही आणि काढताना उलटी दुमडून, सावकाश ओढायची. पुट्टी सुटलेली असेल तर पापुद्रा टेपबरोबर येतो.

पहिली पाळी एमटीओची. कापडाच्या कोपऱ्यावर पाच-सात थेंब घ्या, डागावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा आणि एकाच दिशेने पुसा. अल्कोहोलच्या शाईवर एमटीओ तसं दुबळंच. पण गाडीला मेण लावलेलं असेल तर शाई मेणावर बसलेली असते, आणि एमटीओ मेणच उचलतं. अशा गाडीचा डाग पुष्कळदा इथेच संपतो. इनॅमल आणि टू-के दोघांनाही या थोड्या वेळात त्याचा त्रास होत नाही.

दुसरी पाळी आयपीएची (नायट्रोसेल्युलोजवाल्यांनी ही गाळावी). इअरबड बुडवा, बाटलीच्या तोंडावर निथळा आणि रेघेवरून, रेघेच्या दिशेनेच, न दाबता फिरवा. दहा सेकंद. मग लगेच दुसऱ्या, डिस्टिल्ड वॉटरने ओल्या कापडाने टिपा. काळ्या मार्करची शाई बडवर बहुधा जांभळट-निळी उतरते. काळा रंग दोन-तीन रंजक मिसळून केलेला असतो, त्यामुळे घाबरू नका. बड लगेच फेका, नवा घ्या. वापरलेल्या बडने पुन्हा घासलं की निघालेली शाई पसरून फिकट जांभळा डाग तयार होतो, आणि तो रेघेपेक्षा चौपट मोठा असतो. एक अक्षर काढायला दहा-बारा बड लागले तर तुम्ही बरोबर करताय.

बडवर जांभळ्याऐवजी गाडीचा रंग दिसला, किंवा पृष्ठभाग बोटाला चिकट लागला, तर त्याच क्षणी थांबा. पाण्याने टिपा आणि त्या जागेला दोन दिवस हात लावू नका. मऊ पडलेला रंग बहुतेक वेळा पुन्हा घट्ट होतो, फक्त त्याआधी कुणी घासायला नको.

तिसरी पाळी पॉलिशची. मायक्रोफायबर तर्जनीवर गुंडाळा, हरभऱ्याएवढं पॉलिश घ्या आणि सरळ रेषेत पुढे-मागे पंधरा हात. पुसा, बॅटरीच्या उजेडात तिरकं बघा, गरज असेल तर पुन्हा पंधरा. क्लिअर नसलेल्या रंगात इथे कापडाला गाडीचा रंग लागणारच, त्याची भीती नको. खूण वेगळी आहे: मूळ रंगाच्या आत लालसर-तपकिरी किंवा राखाडी झाक दिसू लागली तर तो प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, वर येतोय.

शेवटी मेणाचा पातळ हात. उघडी पडलेली जागा मेणाशिवाय ठेवली तर पुढचा डाग आधीपेक्षा खोल जाईल.

सगळं केलं, तरी नावाची पुसट सावली दिसतेच.

सावल्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे उपाय उलटे आहेत.

पहिल्या प्रकारात रंजक खरोखर रंगात मुरलेला असतो. पांढऱ्या, क्रीम आणि फिकट निळ्या गाड्यांवर हे दिसतं, विशेषतः रंग उन्हाने पिठूळ झालेला असेल तर. असा रंग खडूसारखा शाई पितो. अर्धं काम ऊनच करतं: बऱ्याच मार्करचे रंजक उन्हात उडतात, दुकानाच्या पाटीवर मार्करने लिहिलेला भाव पावसाळ्यापर्यंत कसा फिका पडतो ते आठवा. तीन-चार आठवडे गाडी रोज तास-दोन तास उन्हात उभी करा आणि मग पॉलिशची एक पाळी द्या. आत मुरलेल्या शाईच्या मागे कंपाउंड घेऊन लागलात तर शाईच्या आधी रंग संपेल.

दुसऱ्या प्रकारात शाई पूर्ण गेलेली असते, पण तिने इतके महिने खालचा रंग उन्हापासून झाकला, त्यामुळे अक्षरं आजूबाजूपेक्षा गडद आणि ताजी दिसतात. इथे अक्षरांवर घासणं निरुपयोगी. आजूबाजूचा फिका पडलेला थर हलक्या पॉलिशने काढा, म्हणजे दोन्ही सारखं होतं. कोणती सावली आहे ते कळायला पाणी मारा. ओलं असताना फरक बराच कमी झाला तर दुसरा प्रकार. ओल्यातही निळसर किंवा जांभळी झाक राहिली तर पहिला.

घरातलं काही चालेल का?

नेलपॉलिश रिमूव्हर: नाही. अ‍ॅसिटोन असो वा इथाइल अ‍ॅसिटेट, दोन्ही नायट्रोसेल्युलोजचे पक्के द्रावक. नेलपॉलिश आणि जुना ड्युको चुलतभाऊच म्हणायचे.

पेट्रोल: नाही, आणि बंद पार्किंगमध्ये तर नाहीच. ब्रेक ऑइल: ते रंग सोलतं. टूथपेस्ट: तीत घासणारे कण असतात, पण किती बारीक ते ट्यूबवर लिहिलेलं नसतं. सॅनिटायझर: अल्कोहोल ६०-७० टक्के, वर जेल आणि ग्लिसरीन, म्हणजे तीव्र द्रावण रंगावर चिकटून बसतं, हे आपल्याला हव्या असलेल्याच्या बरोबर उलट. डिओचा फवारा: तेच, शिवाय नेम नाही. खोबरेल तेल: अपाय नाही, उपायही फारसा नाही.

व्हाइटबोर्ड मार्करने वर गिरवलं की निघतो म्हणतात.

काचेवर आणि बोर्डावर निघतो. त्या मार्करमध्ये शाई पृष्ठभागाला धरू नये म्हणून तेलकट घटक असतो, आणि द्रावक जुनी शाई सैल करतो. पण द्रावक पुन्हा अल्कोहोलच. चकचकीत टू-के रंगावर एखाद वेळी चालेल. पिठूळ इनॅमलवर मात्र एका डागाचे दोन होतात.

मशीनने बफिंग करून घेतलं तर?

टू-के आणि क्लिअर असलेल्या गाडीवर, डीए मशीन (ज्याचं पॅड फिरता फिरता इकडेतिकडेही हलतं), मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश यांनी चालतं. मूळ रंगावर आम्ही नाही म्हणू. गॅरेजमधलं गोल फिरणारं मशीन लोकरी पॅड आणि कंपाउंड घेऊन आलं की बॉनेटच्या मधल्या उभार रेघेवर, मडगार्डच्या कडेवर रंग जातो. कडांवर तो मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब तिथेच पडतो. तरीही करायचंच असेल तर कडा आणि रेघा टेपने झाका आणि आधी थिकनेस गेजने रंगाची जाडी मोजा. कारखान्यातला रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो; ३००-४०० च्या पुढे आकडा दिसला तर खाली पुट्टी आहे, आणि तो आकडा वरच्या रंगाबद्दल काहीच सांगत नाही.

२००० नंबरचा पॉलिश पेपर?

शेवटचा उपाय, फक्त टू-के वर, फक्त ओला, ३००० पासून सुरुवात. मूळ रंगावर नको. फार जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ तर कधीच उडवू नका.

हा मार्कर जाड, पांढरा आणि उठावदार आहे. तोच उपाय?

तो पेंट मार्कर आहे. टायरवर किंवा रॅलीचा नंबर टाकायला वापरतात. त्यात विरघळणाऱ्या रंजकाऐवजी पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी रंगाची पूड असते, त्यामुळे तो आत मुरत नाही, थर होऊन वर बसतो. एमटीओत भिजवलेला कापसाचा बोळा दोन मिनिटं ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या गोल कोपऱ्याने, जवळपास आडवं धरून, उचला. आयपीएने पिगमेंटला फरक पडत नाही. उरलेली कडा पॉलिशने.

काच, क्रोम, टेल लॅम्प, रबर, सीट?

काच आणि क्रोम सोपे: नुसतं आयपीए, पाणी न घालता, फक्त कडेच्या रंगाला लागू देऊ नका. लग्नाच्या गाडीवर 'शुभविवाह' लिहायचंच असेल तर काचेवर लिहा.

टेल लॅम्पला मात्र सांभाळा. जुन्या लाल-पिवळ्या लेन्सेस बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्या असतात, आणि अल्कोहोल लागलं की ताण असलेल्या जागी, स्क्रूच्या भोकांभोवती, केसासारख्या चिरा पडतात. लगेच दिसत नाहीत, आठवड्याने दिसतात. तिथे साबण-पाणी आणि प्लास्टिकचं पॉलिश. रबर बीडिंग आणि रेक्झिन शाई पिऊन टाकतात; ताज्या डागावर पातळ आयपीए एकदा लावून बघा, नाही गेला तर सोडून द्या. घासून रेक्झिनची चमक घालवली तर ठिगळ डागाहून मोठं दिसतं.

डेंटरने (पत्र्याचे पोचे काढणाऱ्याने) पत्र्यावर मार्करने गोल करून ठेवलेत. रंगाखाली जाणारच, काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं, आणि या पानावरचा सर्वांत महागडा प्रश्न हाच. ठोक्याच्या जागी मार्करने खूण करायची सवय जवळपास सगळ्यांना आहे. त्यावर प्रायमर आणि रंग मारला की रंगातला थिनर शाई पुन्हा विरघळवतो आणि ती थराथरातून वर चढते. फिकट रंगावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत गुलाबी-जांभळा गोल उमटतो. वरून कितीही हात मारा, प्रत्येक हाताबरोबर तो पुन्हा वर येतो.

रंगायच्या आधी पाहिलंत तर काम सोपं आहे. उघड्या पत्र्यावरची खूण आयपीएने पुसून घ्या. पुट्टीवर असेल तर तेवढी पुट्टी घासून काढायला सांगा, कारण पुट्टी शाई शोषते आणि पुसून निघत नाही. त्यावर टू-के इपॉक्सी प्रायमर. साधा एनसी प्रायमर शाई अडवू शकत नाही, तो त्याच थिनरमध्ये विरघळणारा असतो. रंगून झाल्यावर उमटलं तर खालपर्यंत उघडण्याला पर्याय नाही. म्हणून गाडी सोडतानाच सांगा: खुणा शिसपेन्सिलने किंवा पाटीच्या खडूने, आणि प्रायमरच्या आधी पुसून.

खंडेनवमीला बॉनेटवर काढलेल्या हळदी-कुंकवाच्या स्वस्तिकाचा डाग राहिला. हेच चालेल?

हळद उन्हाने आपोआप जाते, आठ-पंधरा दिवस थांबा. कुंकवाचा लाल रंग पिठूळ पत्र्यात मुरतो; त्याला साबण-पाणी, मग पॉलिश. पुढच्या वर्षी तेवढ्या जागेला आदल्या दिवशी मेण लावा. उत्साहात मार्करनेच स्वस्तिक काढणारेही भेटतात, त्यांनी वरून दुसऱ्यांदा वाचावं.

पावसाळ्यात हे काम करावं का?

एमटीओ आणि पॉलिशचं करा. आयपीएसारख्या पटकन उडणाऱ्या द्रावकाचं काम जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा: दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, ओल धरतो आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी. दुपारच्या पत्र्यावर आयपीए तीन सेकंदांत वाळतं आणि सुटलेली शाई तिथेच पुन्हा बसते. सकाळी आठच्या आत उरका. आणि कोणत्याही ऋतूत शेजारी उदबत्ती, सिगरेट किंवा चालू इंजिन नको. आयपीएची वाफ नेहमीच्या तापमानालाही पेट घेते.

आता पेंटरकडेच न्यायचं ठरवलं. काय सांगायचं?

आधी ठरवा, की मूळ रंग आहे का. असेल तर फिकट सावलीसह गाडी ठेवणं आम्हाला जास्त पसंत आहे. तो थर पुन्हा मिळत नाही. तरीही रंगवायचंच असेल तर 'टच-अप' म्हणू नका. उन्हाने उतरलेल्या रंगाला कंपनीच्या रंगाच्या कोडवरून मिळवलेली छटा जुळत नाही, डोळ्यांनीच जुळवावी लागते, आणि तीही पॉलिश केलेल्या भागाशी ताडून. मधेच ठिगळ न मारता संपूर्ण भाग, जवळच्या रेघेपर्यंत, मारायला सांगा. खाली नायट्रोसेल्युलोज असेल तर ते आधीच सांगा. त्यावर थेट टू-के मारला तर तो उचलून सुरकुत्या येतात, मधे अडसर म्हणून सीलर लागतो. शाईची सावली आहे हेही लपवू नका, नाहीतर ती नव्या रंगातून वर येईल. गाडी परत आली की चार आठवडे तरी मेण लावू नका आणि कव्हर घालू नका, रंगातला उरलेला द्रावक बाहेर पडू द्या.